पंधरांतील आठ रुपये

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की, अर्थसंकल्पावरील त्यांची अभ्यासपूर्ण भाषणे, भारत सेवक समाज आणि गांधीजींनी त्यांना दिलेले गुरुस्थान यांचे स्मरण होते. या थोर जीवनाच्या पायाशी थोरल्या भावाच्या पंधरा रुपये पगारातील आठ रुपये होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. वडीलबंधू गोविंदराव हेही विद्यार्थीच. परंतु त्यांनी शिक्षण सोडले, दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठविण्यास आरंभ केला. उरलेल्या सातांत घर चालू लागले.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर आपणही नोकरी धरावी, असे गोपाळरावांच्या मनात आले. भावाने ते मानले नाही. वहिनींनी तर शिक्षणाच्या खर्चासाठी अंगावरील दागिने काढून दिले, असे सांगतात. राजाराम, डेक्कन व एल्फिन्स्टन अशा तीन महाविद्यालयांतून गोपाळराव शिकले. अखेरच्या काळात २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे घरावरील भार उतरला. १८८४ साली, अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले.

खरी कसोटी यापुढेच होती. पदवीधर भावाने वकिली किंवा सरकारी नोकरी करून घराला वर काढावे, ही अपेक्षा मुळीच गैर नव्हती. गोपाळराव काही काळ कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेही. परंतु पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाल्यावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या ध्येयवादाने त्यांना ओढून घेतले. आजीव सभासद होणे म्हणजे सुमारे ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे बांधून घेणे. गोविंदरावांनी अखेर संमती दिली. ज्याने पोटाला चिमटा घेऊन दिले, त्याने त्या देण्याचे कर्जखत केले नाही. दागिने देण्याहून हे औदार्य मोठे होय. कारण येथे मदत थांबते आणि विश्वास सुरू होतो. आणि गोपाळरावांनीही भावाला डावलून नव्हे, तर त्याचे मन वळवून आपली वाट धरली.

१९०२ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ३० रुपये निवृत्तिवेतनावर ते बाहेर पडले, ते सार्वजनिक कार्यास वाहून घेण्यासाठीच. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक त्यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडले; १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ज्या मुलाच्या पाठीशी गोविंदराव नाही, त्याच्या पाठीशी सरकारने उभे राहावे, हेच त्या विधेयकाचे मर्म होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखले कालवश झाले. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना देशभर शिक्षणाचा मूलभूत हक्क प्रत्यक्षात मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले.

गोखल्यांच्या या यशाला दुसरीही बाजू आहे. एका भावाचे शिक्षण पुरे व्हावे म्हणून दुसऱ्याचे अपुरे राहिले. कुटुंबाचा त्याग वंदनीय खरा. परंतु त्या त्यागावरच विसंबून राहणारा समाज एका घरातील एकच मूल वर काढतो आणि दुसऱ्याचे तारुण्य त्याची किंमत म्हणून घेतो. म्हणूनच वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती ही सरकारची मेहेरबानी नव्हे. कुठल्या तरी गोविंदाचीही शाळा सुटू नये, यासाठीची ती किमान तरतूद होय. आणि मुलाला शिकविणाऱ्या घराने गोविंदरावांकडून एवढे अवश्य घ्यावे की, पाय स्थिरावेपर्यंत हात द्यावा. तो स्थिरावल्यावर वाट मात्र त्याची त्याला निवडू द्यावी.