पाउल एर्लिक : रंगांच्या नादी लागलेला विद्यार्थी

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी घसा दुखतोय म्हणून लिहिलं, की पाच मिनिटांत तीन अँटिबायोटिकची नावं येतात. त्यात मीही मागे नसायचे. दोन वर्षांपूर्वी आईला लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा माझ्या जुन्या पाकिटात उरलेल्या चार गोळ्या मी तिला दिल्या. दोन दिवस बरं वाटलं आणि मग ताप उलटला. कल्चरच्या रिपोर्टमध्ये बारा औषधांची नावं होती आणि त्यातल्या नऊंपुढे ‘आर’ होतं. आर म्हणजे रेझिस्टंट. या औषधांना तो जंतू दाद देत नव्हता. दहा दिवस इंजेक्शनं घेऊन आई बरी झाली. माझ्या चार गोळ्यांनी नेमकं किती बिघडवलं, ते सांगता येणार नाही. पण ते दहा दिवस मी विसरलेले नाही.

मी सॉफ्टवेअरवाली. काही बिघडलं की हा दोष पहिल्यांदा कुणाला दिसला, हे शोधायची सवय आहे. तसं शोधता शोधता मी पाउल एर्लिक यांच्यापर्यंत पोचले. त्यांच्या गोष्टीत शाळाही आहे आणि वर्गमित्रही, म्हणून ती या स्मरणिकेत सांगते.

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा, सिलेशियातल्या स्ट्रेलेन गावचा. हा भाग तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. शाळा ब्रेस्लाऊ शहरात. गणित आणि लॅटिन चांगलं, पण निबंधाची बोंब. शेवटच्या परीक्षेत जीवन हे स्वप्न आहे अशा विषयावर निबंध होता. त्यात त्यांनी जीवन म्हणजे एक ऑक्सिडीकरण आहे आणि स्वप्न ही मेंदूतली रासायनिक क्रिया आहे, असं लिहिलं आणि गुण घालवले, अशी आठवण सांगितली जाते. आपल्या मराठीच्या बाईंनी काय केलं असतं, याची कल्पना करून मी हसले. त्याच शाळेत त्यांच्या वर्गात अल्बर्ट नायसर नावाचा मुलगा होता. त्याच्याकडे शेवटी येते.

वैद्यकीचं शिक्षण घेताना एर्लिकना कापडाच्या रंगांचा नाद लागला. मामेभाऊ-आतेभावांपैकी कार्ल वायगर्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायचे, त्यांच्याकडून हे वेड आलं. एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे पाहून एक प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. जंतूलाच धरणारा रंग मिळाला आणि त्या रंगात विष असलं, तर माणसाला न मारता जंतू मारता येईल का?

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. तो जंतू रंगवण्याची सोपी पद्धत एर्लिकनी लगेच शोधली. थुंकीच्या आजच्या तपासणीचं मूळ तिथेच आहे. पुढे त्यांना स्वतःच्याच थुंकीत ते जंतू दिसले. १८८८ मध्ये पत्नी हेडविग यांच्यासह ते हवापालटासाठी इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं.

फ्रँकफर्टला त्यांनी उंदरांमध्ये ट्रिपॅनोसोम या परजीवीचा संसर्ग करून रंग आणि आर्सेनिकची संयुगं तपासायला सुरुवात केली. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी याच कुळातला. औषध दिलं की उंदराच्या रक्तातून परजीवी नाहीसे व्हायचे, पण काही वेळा परत यायचे. पुन्हा औषध, पुन्हा तेच. असं होता होता एक वेळ अशी आली, की त्याच औषधाला ते अजिबात दाद देईनात. ते परजीवी नव्या उंदरात सोडले, तरी त्यांची पुढची पिढी तशीच निबर. मात्र वेगळ्या रासायनिक कुळातलं औषध त्यांना मारू शकत होतं. १९०७ च्या सुमाराला एर्लिकनी हे मांडलं आणि त्यातून दोन धडे काढले : मारा अपुरा ठेवायचा नाही, आणि वेगवेगळ्या जागी घाव घालणारी औषधं एकत्र वापरायची. आज क्षयावर एकाच वेळी अनेक औषधं देतात, त्यामागचा विचार हाच.

त्यांचं गाजलेलं औषध बाजारात आलं १९१० मध्ये. म्हणजे माल बाजारात येण्याआधी तीन वर्षं दोष नोंदवलेला होता! आमच्या धंद्यात असं झालं, की नंतर कुणीतरी ती नोंद उघडून दाखवतो आणि सगळे माना खाली घालतात.

ते औषध म्हणजे नोंदवहीतलं ६०६ क्रमांकाचं आर्सेनिकचं संयुग. पहिल्या तपासणीत ते बाजूला पडलं होतं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी जुनी संयुगं उपदंश झालेल्या सशांवर नव्याने तपासली आणि ६०६ लागू पडलं. साल्व्हार्सन हे त्याचं बाजारातलं नाव. त्या काळी उपदंशावर पाऱ्याचे उपचार चालत. नवं औषध मोठं होतं, पण नाजूकही. हवा लागली की जास्त विषारी व्हायचं, म्हणून बंद काचेच्या कुपीतून येई आणि टोचण्याआधी काळजीपूर्वक विरघळवावं लागे. काही रुग्ण दगावले. एर्लिकवर टीकेची झोड उठली, १९१४ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टात बदनामीचा खटला चालला आणि टीकाकाराला शिक्षा झाली. तोवर त्यांची तब्येत ढासळली होती. रोजचे पंचवीसेक सिगारही होतेच. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते गेले. ते ज्यू होते, म्हणून नाझींच्या काळात फ्रँकफर्टच्या रस्त्यावरून त्यांचं नाव काढलं गेलं आणि हेडविगबाईंना देश सोडावा लागला.

आता तो वर्गमित्र. नायसरनी १८७९ मध्ये गनोरियाचा, म्हणजे परम्याचा जंतू शोधला. तो जंतू आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सल्फा, पेनिसिलिन, नंतरची कितीतरी औषधं त्याने एकेक करून निकामी केली. एकाच वर्गातल्या दोन मुलांपैकी एकाने जंतू दाखवला आणि दुसऱ्याने तो असा कसा सुटू शकतो, ते आधीच सांगून ठेवलं होतं.

सर, बाई, एक विनंती आहे. आईच्या त्या रिपोर्टची प्रत, नाव खोडून, मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणली आहे. नववीच्या मुलांना ती एकदा दाखवा. आणि मित्रमैत्रिणींनो, ग्रुपवर गोळीचं नाव आलं, की मी आता डॉक्टरांना दाखवलं का एवढंच विचारते. त्यावरून मला ‘हेडबाई’ म्हणतात, ते मला माहीत आहे. खुशाल म्हणा.