मुलांच्या मापाची शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील एखाद्या शाळेत कोणी डोकावले असते, तर त्याला बहुधा एकच देखावा दिसला असता. वर्गाच्या एका टोकाला शिक्षकांचे उंच मेज, आणि त्यासमोर एकामागे एक अशा रांगांनी जमिनीला खिळवलेली जड बाके! मुलांनी हलू नये, बोलू नये, मागे वळून पाहू नये, अशीच ती मांडणी होती. पुढच्या मुलाची पाठ आणि शिक्षकांचा चेहरा, यांपलीकडे मुलाच्या दृष्टीस काही पडत नसे. शेजाऱ्याशी कुजबुजणे हा अपराध, आणि जागेवरून उठणे हा त्याहून मोठा अपराध मानला जाई. या बाकांच्या बंधनातून मुलांना सोडवण्यासाठी जिने आपले आयुष्य वेचले, त्या विदुषीचे नाव मारिया माँटेसोरी.

इटली देशातील अंकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या गावी 31 ऑगस्ट 1870 रोजी मारियांचा जन्म झाला. त्यांचे वडील सरकारी अधिकारी होते. मारिया लहान असतानाच हे कुटुंब रोम येथे येऊन राहिले. मुलींनी शिकून फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारियांनी मात्र डॉक्टर होण्याचा निश्चय केला. वडिलांना तो रुचला नाही. परंतु आई त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली. विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शवविच्छेदन करण्याची त्यांना मुभा नव्हती. सारे विद्यार्थी निघून गेल्यावर त्या ओसाड दालनात एकटीने ते काम करावे लागे. तरीही त्या डगमगल्या नाहीत. 1896 साली त्यांनी पदवी संपादन केली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

पुढे रोममधील मनोरुग्णालयाशी त्यांचा संबंध आला. बुद्धीने मंद ठरवून समाजाने दूर लोटलेली मुले तेथील उघड्याबोडक्या खोल्यांत कोंडलेली असत. हाताळावयास काही नाही, पाहावयास काही नाही. मारियांनी या मुलांसाठी नाना प्रकारची साधने तयार केली आणि अपार कष्ट घेऊन त्यांना शिकवले. त्यांपैकी काही मुले सामान्य मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाची परीक्षा उत्तीर्ण झाली! लोकांनी मारियांचे कौतुक केले. पण त्यांच्या मनात निराळाच प्रश्न उभा राहिला. ही मुले जर एवढी मजल मारू शकतात, तर शाळेतील निरोगी मुले एवढ्यावरच का अडून राहिली आहेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी लवकरच चालून आली. रोममधील सान लोरेंझो ही गरिबांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले दिवसभर जिन्यांतून धुडगूस घालीत व भिंती खराब करीत. तेव्हा इमारतींच्या मालकांनी या मुलांना एका खोलीत सांभाळावयाचे ठरवले आणि ते काम मारियांकडे सोपवले. 6 जानेवारी 1907 रोजी तेथे 50हून अधिक मुलांचे ‘बालकांचे घर’ सुरू झाले. मारियांनी मुलांच्या उंचीची मेजे व खुर्च्या करवून घेतल्या. चार वर्षांच्या दोन मुलांना सहज उचलता यावे, इतके मेज हलके होते. हात धुण्याची जागा ठेंगणी आणि फळाही मुलाचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर!

साधनांचे कपाट मात्र शिक्षिकेच्या ताब्यात असे. एके दिवशी ती कपाटाला कुलूप लावावयास विसरली आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आली. पाहते तो काय, मुलांनी कपाट उघडून साधने बाहेर काढली होती! मुलांनी चोरी केली, त्यांना शासन झाले पाहिजे, असे तिला वाटले. पण मारियांनी निराळाच अर्थ काढला. मुलांना आता कोणती वस्तू कोठे असते हे ठाऊक झाले होते आणि काय हवे ते त्यांना स्वतः निवडावयाचे होते. मारियांनी कोणालाही शिक्षा केली नाही. त्यांनी उंच कपाटाच्या जागी ठेंगणी, मुलांना उघडता येतील अशी कपाटे ठेवली. एका कुलपाबरोबर शाळेची रीतच पालटली!

मोकळीक मिळाली म्हणजे मुले उनाड होतील, अशी पुष्कळांना भीती वाटे. हलक्या खुर्च्या धडाधड पडतील, मग गोंगाटाला सीमा राहणार नाही, असा आक्षेप ते घेत. मारियांचे म्हणणे असे की, खुर्ची पडली तर पडू द्यावी. त्या आवाजानेच मुलाला आपला धसमुसळेपणा कळतो आणि ते हळूहळू जपून वावरू लागते. जमिनीला खिळलेले बाक पडत नाही. म्हणून ते काही शिकवीतही नाही.

याच शाळेत सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवीत होती. मारियांनी तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले. तिने चटकन आपले साधन खुर्चीच्या हातांवर घेतले, दट्टे मांडीत धरले आणि काम पुढे चालू केले! चाळीसहून अधिक वेळा तिने तो खेळ केला. आवडीचे काम स्वतः निवडू दिले, तर बालकाचे चित्त केवढे एकाग्र होते, हे मारियांना त्या दिवशी उमगले.

मुले मेजाभोवती बसू लागल्यावर त्यांना एकमेकांचे चेहरे दिसू लागले. तीन वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाचे काम न्याहाळी. मोठे मूल धाकट्याला समजावून सांगे. विद्या केवळ शिक्षकांच्या मेजाकडून येत नाही, ती शेजाऱ्याकडूनही मिळते, हे असे सिद्ध झाले. 1909 साली मारियांनी आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. मुलांच्या पाठीचा कणा वाकू नये म्हणून तेव्हा मोजमाप घेऊन शास्त्रीय बाके बनवीत असत. मुळात तासन्‌तास खिळवून ठेवल्यामुळेच कणा वाकतो. तेव्हा बाक सुधारण्यापेक्षा मुलाला हालचाल करू द्यावी, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली. तथापि इटलीतील हुकूमशाहीशी त्यांचे पटेना आणि 1934 साली त्यांनी मायदेश सोडला. 1939 साली त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. महायुद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरताच त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध आले. पण त्यांचे शिकवणे थांबले नाही. शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. 1945 साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. खेड्यात महाग मेजे व साधने कोठून आणावयाची? बिया, शंख-शिंपले, पाने हीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातही शाळा भरवली.

6 मे 1952 रोजी हॉलंडमध्ये मारियांचे निधन झाले. वर्ग भिंतींचा असो, अंगणातला असो की कुरणातला. तेथे मुलाला हलता यावे, निवडता यावे आणि शेजाऱ्याशी बोलता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते जेथे जेथे मान्य झाले, तेथे तेथे मुले आनंदाने शिकू लागली.