कॅप्टन मॅथ्यू वेब

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें जी इंग्लिश खाडी आहे, तिची रुंदी डोव्हरपाशीं अवघी २१ मैल आहे. तथापि ती पोहून जाणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे, अशी १८७५ सालापर्यंत बहुतेकांची समजूत होती. ती समजूत खोटी ठरविणारा मॅथ्यू वेब हा एका डॉक्टरचा मुलगा.

त्याचा जन्म १९ जानेवारी १८४८ रोजीं श्रॉपशायरमधील डॉली या गांवीं झाला. सेव्हर्न नदींत तो पोहावयास शिकला व लहान वयांतच जहाजावर गेला. १८७३ सालीं अटलांटिक महासागरांत ‘रशिया’ जहाजावरून एक खलाशी पडला, तेव्हां वेबनें मागचापुढचा विचार न करितां उडी घेतली. खलाशी सांपडला नाहीं. वेबला मात्र या धैर्याबद्दल स्टॅनहोप पदक मिळालें.

जे. बी. जॉन्सन याचा खाडी पोहण्याचा १८७२ सालचा प्रयत्न फसल्याचें वृत्त त्याच्या वाचनांत आलें, आणि त्याच्या मनानें घेतलें. वय पंचविशीचें, हातीं चांगली नोकरी. ती सोडून तो शिष्य झाला. पोहतां येणें निराळें व तासन्‌तास पोहत राहणें निराळें, हें तो जाणून होता. लंडन येथील लँबेथच्या स्नानगृहांत फ्रेडरिक बेकविथ या नामांकित जलतरणशिक्षकापाशीं त्यानें मेहनत केली. तरण तलावाचें पाणी शांत असतें, समुद्राचें नसतें. म्हणून पुढें थेम्स नदींत व खाडीच्या थंड पाण्यांत त्यानें सराव केला. जुलै १८७५ मध्यें ब्लॅकवॉलपासून ग्रेव्ह्‌सेंडपर्यंतचें लांबलचक अंतर तो पांच तासांच्या आंत पोहला. यांत ओहोटीचाहि हातभार होता, हें सांगितलें पाहिजे.

१२ ऑगस्ट रोजीं त्यानें खाडींत प्रवेश केला, परंतु वादळी वाऱ्यामुळें त्यास परतावें लागलें. २४ ऑगस्ट रोजीं दुपारीं एकच्या सुमारास, अंगास तेल चोपडून, त्यानें डोव्हरच्या धक्क्यावरून पुन्हां उडी घेतली. बेडकाप्रमाणें हातपाय मारीत, श्वास न कोंडतां, तो संथपणें चालला. सोबतच्या होड्यांतून त्यास मधून मधून पेय देत. रात्रीं जेलीफिशनें दंश केला. तेथील भरती-ओहोटीचा प्रवाह पोहणाराच्या वाटेला आडवा वाहतो व कांहीं तासांनीं उलटतो. त्यामुळें २१ मैलांचे जवळजवळ ४० मैल झाले. फ्रान्सचा किनारा दिसत असूनहि केप ग्री-ने जवळच्या प्रवाहानें त्यास सुमारें पांच तास अडकवून ठेविलें. पोहण्याच्या वेगापेक्षां अंगांत मुरलेला दम तेथें उपयोगीं पडला. एकंदर पावणेबावीस तासांनीं, २५ ऑगस्टच्या सकाळीं, त्याचे पाय कॅलेच्या वाळूस लागले.

कीर्ति मिळाली, वर्गणीहि जमली. पण संसार चालविण्यास पोहण्याखेरीज त्याच्यापाशीं दुसरें साधन उरलें नव्हतें. पैशासाठीं तो खेळ करून दाखवूं लागला. १८८० सालीं लंडनमध्यें तर एका हौदांत साठ तास तरंगत राहिला! ज्या शरीरास त्यानें इतक्या नेमानें घडविलें, तेंच तो असें झिजवीत गेला. अखेरीस नायगारा धबधब्याखालील भोंवऱ्याची उसळती धार पोहून जाण्याचें त्यानें ठरविलें. कित्येकांनीं वारिलें, त्यानें ऐकिलें नाहीं. खाडीचा प्रवाह कांहीं तासांनीं उलटतो, म्हणून दमानें वाट पाहणारास तेथें आशा असते. ही धार कोणासाठींच थांबत नाहीं. २४ जुलै १८८३ रोजीं तो तींत शिरला व बुडाला. मागें पत्नी व दोन लहान मुलें राहिलीं. तेव्हां त्याचें वय ३५ वर्षांचें होतें. त्याच्यामागून खाडी पोहून जाणारा दुसरा मनुष्य, टी. डब्ल्यू. बर्जेस, १९११ सालीं निघाला.