पंडिता रमाबाईंची पृथ्वीप्रदक्षिणा

गुंजीवरून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारसायकली दिसतात. मागे सामान बांधलेलं, पुढे झेंडा. एखाद्या पाटीवर कुठल्या तरी आजारासाठी नाहीतर शाळेसाठी निधी गोळा करत असल्याचं लिहिलेलं असतं. आमच्या घोळक्यात कुणीतरी म्हणालं, हे सगळं परदेशी खूळ. मला मात्र नऊवारी नेसून अशाच कामासाठी पृथ्वीला वळसा घालून आलेली एक बाई आठवली.

रमाबाई डोंगरे 1858 साली आपल्याच सह्याद्रीत, पण खाली कर्नाटकात, गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री पुराण सांगत गावोगाव फिरायचे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचे बोल खाल्ले. चालणं रमाबाईंना लहानपणापासूनच अंगवळणी पडलं होतं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तिथे तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, आणि 1882 मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. कडेवर मनोरमा, वय वर्षंही पुरतं नाही.

1883 मध्ये त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर व्हायला. पुण्यात लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून तिकिटाचे पैसे उभे राहिले. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा रस्ताच बंद झाला.

मग अमेरिकेहून आमंत्रण आलं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या. मार्च 1886 मध्ये समारंभ. वाँटेजच्या सिस्टरांना हे जाणं पसंत नव्हतं. रमाबाईंच्याही डोक्यात थोड्याच दिवसांचा मुक्काम होता. (आदल्याच वर्षी जर्मनीत डाइमलरने दोन चाकांवर इंजिन बसवलं होतं. मोटारसायकल म्हणजे तेव्हा अगदी तान्हं बाळ!)

ते थोडे दिवस अडीच वर्षांच्या वर लांबले. खरा निर्णय झाला तो इथे. बालविधवांना शिकवायला शाळा काढायची, तर पैसे कोण देणार? पुण्यात त्यांचे चाहते होते, पण आयुष्यभर पुरेल असा आधार नव्हता. तेव्हा इथेच थांबायचं, गावोगाव व्याख्यानं द्यायची आणि मागायचं. त्याची किंमतही मोजावी लागली. पाच वर्षांच्या मनोरमाला समुद्रापार, परत वाँटेजला धाडावं लागलं. आईच्या या निर्णयाबद्दल आपण सहजपणे बोलू नये असं मला वाटतं. तिकडे 1887 च्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या.

त्याच वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हजारो प्रती खपल्या. डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं शाळेचा खर्च उचलायचा, आणि शाळा कुठल्याही धर्माचा प्रचार न करता चालवायची, असं ठरलं. फिरता फिरता त्यांनी बालवाडीचं शिक्षणही समजून घेतलं. 1888 च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून बोट पकडली आणि जपान, हाँगकाँग करत 1889 च्या फेब्रुवारीत त्या मुंबईत आल्या. पश्चिमेला गेलेली बाई पूर्वेकडून परतली.

11 मार्च 1889 ला चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. विद्यार्थिनी किती? दोन! पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे झाल्या.

1893 मध्ये वादळ उठलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळताहेत, या आरोपावरून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या, खोलीचं दार उघडं असायचं. त्याचा मुलींवर काहीच परिणाम होत नव्हता, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मुली नेणाऱ्या घरांनी पुढे त्यांना शिकवलं का, हेही विचारायला हवं ना?

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली त्यांनी केडगावला आणल्या. तेच मुक्ती सदन. दहा वर्षांची मुदत संपल्यावर 1898 मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, आधीचा हिशोब द्यायला आणि पुढची सोय लावायला. मुक्तीत छापखाना होता, तिथे मुली खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथलंच. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई.

केडगाव पुण्याच्या पुढे, दौंडच्या रेल्वेमार्गावर आहे. मुक्ती मिशन अजून चालू आहे.