साताऱ्यात जन्मलेले ‘एहा’

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म ब्रिटनमधला आणि आजीआजोबांचे घर महाराष्ट्रात. आज आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहोत, त्यांचे अगदी उलटे होते. घराणे स्कॉटलंडचे, पण जन्म आपल्या साताऱ्याचा! त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी ‘एहा’ हे टोपणनाव घेतले आणि त्याच नावाने ते प्रसिद्ध झाले.

एटकिनसाहेबांचा जन्म १८५१ सालचा. वडील मिशनरी होते. पहिले धडे त्यांनी वडिलांकडेच गिरवले. पुढचे शिक्षण मुंबईत आणि पुण्यात झाले. काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. १८७६ साली ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात लागले. मिठावरचा कर वसूल करणारे हे खाते. हा कर गरिबातल्या गरिबालाही भरावा लागे. त्याच कराविरुद्ध गांधीजींनी १९३० साली दांडीयात्रा काढली.

नोकरीमुळे उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द अशा ठिकाणी त्यांचे फिरणे झाले. जिथे जात तिथले पक्षी, किडे, बेडूक ते बारकाईने पाहत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये आठ निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत एटकिन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन मराठी डॉक्टरही होते. आज त्या म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि ती सोसायटी अजूनही काम करते.

एटकिन यांचे आम्हाला सर्वांत आवडणारे काम मात्र कारवारच्या जंगलातले आहे. कारवार हे उत्तर कानडा जिल्ह्यातले गाव. तेव्हा तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता. जिल्ह्याचे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, जंगल खात्यातले टी. आर. बेल आणि मीठ खात्यातले एटकिन, असे तीन मित्र फुलपाखरांच्या मागे लागले.

त्यात ‘स्किपर’ जातीची फुलपाखरे म्हणजे मोठे कोडे! डोके मोठे, अंग जाडसर, मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली, आणि उडणे म्हणजे नुसत्या उड्या. आत्ता दिसले म्हणेपर्यंत नाहीसे! बरीचशी तपकिरी आणि एकमेकांसारखी. मेलेले फुलपाखरू टाचणीला लावून कितीही पाहिले, तरी कोणते कोणाचे हे कळणे कठीण.

म्हणून या तिघांनी अळ्या पाळल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर सापडते, काय खाते, पान कसे गुंडाळते, कोश कसा करते, हे सारे त्यांनी नोंदवले. दोन फुलपाखरे सारखी दिसली तरी त्यांच्या अळ्यांचे जेवण वेगळे असू शकते, आणि तेथे ओळख पटते. त्या जंगलातले एक उदाहरण घ्या. ‘ग्रास डेमन’ हे स्किपर गडद तपकिरी, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. त्याची अळी हळदीचे आणि आल्याचे पान खाते. पानाची कड दुमडून, रेशमाच्या धाग्याने शिवून आत घर करते. म्हणजे आपल्या आईच्या मसाल्याच्या डब्यातली हळद हेच तिचे झाड! तिघांचे हे काम १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

‘एहां’ची इंग्रजी पुस्तके खूप गाजली. पण १८८९ सालच्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात घरच्या नोकरचाकरांची त्यांनी थट्टा केली आहे. ती वाचताना आम्हाला वाईट वाटते. अळीकडे जितक्या आस्थेने पाहिले, तितक्या आस्थेने त्यांनी आपल्या माळ्याकडे आणि धोब्याकडे पाहिले नाही. थोर माणसाचे हेही सांगायला हवे.

निवृत्त झाल्यावर एटकिन एडिंबरोला गेले आणि १९०९ साली तेथेच वारले. बेल यांचे मात्र वेगळे झाले. जन्म आयर्लंडचा, पण निवृत्तीनंतरही ते कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. मग या दोघांचे गाव कोणते म्हणायचे? तुमचे गाव कोणते, हा प्रश्नही तुम्हाला कधीतरी पडतोच. आम्हाला वाटते, ज्या गावातली पाने आणि किडे आपण नावाने ओळखतो, ते गाव थोडे तरी आपले होतेच.

स्किपर इथेही आहेत बरं का! जून-जुलैत उंच गवतात ‘लार्ज स्किपर’ दिसते, नारिंगी-तपकिरी रंगाचे. त्याची अळी गवताची पाती शिवून घर करते, अगदी कारवारच्या बहिणीसारखी. आईबाबांना घेऊन एकदा गवतात शोधा. सापडले तर पकडू नका. चित्र काढा, खाली जागा आणि तारीख लिहा आणि वर्गात घेऊन या. पालकहो, तुमच्या लहानपणी अंगणातल्या हळदीवर कोण येत असे, हे त्या वेळी मुलांना जरूर सांगा.