शिलकीचा हिशोब मागणारे गोखले

सरकारी तिजोरीत शिल्लक पडली म्हणजे प्रजा सुखी, असे मानण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या राज्यकारभारात रूढ होती. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणात या समजुतीला छेद दिला. दुष्काळ आणि प्लेगने लोक गांजलेले असता शिल्लक उरते, ती कर गरजेहून जड असल्यामुळे, हे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोखले यांचा जन्म झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. थोरल्या बंधूंच्या आधारावर शिक्षण झाले. १८८४ मध्ये बी.ए. होऊन ते पुण्यात अध्यापन करू लागले. न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात त्यांना सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त लागली, तर गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांना आकड्यांची पारख शिकवली. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली.

कौन्सिलात त्यांचा पहिला रोख मिठावरील करावर होता. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता आणि त्याचा भार गरिबांच्या ताटावर पडत होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. परंतु दरवर्षी तीच मागणी नव्या आकड्यांसह मांडण्याची चिकाटी त्यांची होती. लष्करावरील वाढत्या खर्चाला आवर घालावा आणि उरलेली रक्कम शाळा, औषधोपचार व सार्वजनिक आरोग्यव्यवस्था यांकडे वळवावी, हा त्यांचा दुसरा आग्रह. प्लेगने घरेच्या घरे ओस पडत असताना गटारे आणि शुद्ध पाण्याचा खर्च ही चैन नव्हती.

तथापि कौन्सिलातील मतांचे गणित ठरलेले होते. आरंभी सभासदांना अंदाजपत्रकावर केवळ बोलता येई, मत देता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची मुभा मिळाली, तरी सरकारी सभासदांचे बहुमत कायम राहिले. स्वकीयांतही एकी नव्हती. १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात मवाळ आणि जहाल यांच्यात राष्ट्रसभा दुभंगली. सरकारला ते टीकाकार वाटत, तर जहालांना सरकारचे मिंधे.

त्यांची खरी कसोटी प्राथमिक शिक्षणाच्या प्रश्नावर लागली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. वाघोडियासारख्या तालुक्यातील खेड्यांतल्या मुलांनाही शाळेत जाणे बंधनकारक झाले. बडोद्यात राजाची इच्छा पुरेशी होती. ब्रिटिश हद्दीत मात्र खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला. गोखल्यांनी हाच दाखला पुढे करून १६ मार्च १९११ रोजी विधेयक मांडले. ते सावध होते : सक्ती स्थानिक संस्थांच्या इच्छेवर, शिक्षणकर बसवण्याची त्यांना मुभा, आणि दोन तृतीयांश खर्च सरकारने उचलावा ही अपेक्षा.

पैसा कोठून आणायचा याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते. आयातीवरील जकात वाढवावी. तेवढ्याने भागत नसेल, तर मिठावर मणामागे आठ आणे वाढवावेत, असे त्यांनी सुचवले. ज्या कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले, तोच वाढवण्याची तयारी त्यांनी दाखवली. लोकांनी मीठ थोडे कमी खाल्ले तरी चालेल, पण त्यांची मुले निरक्षर राहता कामा नयेत, अशी त्यांची भूमिका होती.

हेतू चांगला आहे, असे विरोधकही म्हणत. परंतु खर्च आणि नवा कर यांच्यापाशी येऊन सारे थबकत. बहुतेक प्रांतिक सरकारे विरोधात गेली. काही बिनसरकारी सभासदांचाही पाठिंबा मिळाला नाही. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. असा निकाल गोखल्यांना अनपेक्षित नव्हता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. सक्ती स्थानिक संस्थेच्या इच्छेवर सोडण्याची गोखल्यांची मांडणीच त्यात उतरली होती.