न दिसणाऱ्या प्रकाशाचा छायाचित्रकार

त्वचारोग विभागातल्या अंधाऱ्या खोलीत एक जांभळट दिवा असतो. पांढऱ्या डागामुळे धास्तावलेल्या रुग्णाच्या त्वचेवर तो धरला की कोडाचा डाग खडूसारखा निळसर-पांढरा उठून दिसतो. मुलांच्या गालांवर येणारे साधे फिकट चट्टे तसे चमकत नाहीत. अशा एका डागावरून आपल्याकडे मुलीचे लग्न अडते, म्हणून हा फरक कळणे मोलाचे. या दिव्याला ‘वुड्स लॅम्प’ म्हणतात. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो माणूस मात्र डॉक्टर नव्हता.

रॉबर्ट विल्यम्स वुड यांचा जन्म १८६८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉन्कर्ड या गावी झाला. हार्वर्डमध्ये ते रसायनशास्त्र शिकले, पुढे बर्लिनला गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९०१ पासून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. प्रकाश हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मिस्कीलपणाही तेवढाच! लांबलचक वर्णपटदर्शकाच्या नळीत कोळ्यांनी जाळी विणली, तेव्हा त्यांनी घरातली मांजर एका टोकाने आत सोडली आणि नळी साफ करून घेतली.

१९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील ब्लाँडलो या शास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ सापडल्याचे जाहीर केले. अंधारात डोळ्यांना जाणवणारी मंद चमक, हाच त्यांचा मुख्य पुरावा. १९०४ मध्ये वुड तिथे गेले आणि प्रयोग चालू असताना त्यांनी उपकरणातला लोलक अंधारात हळूच काढून घेतला. तरीही समोरच्यांना किरण ‘दिसतच’ राहिले. त्या किरणांची कहाणी तिथेच संपल्यात जमा झाली. मनात असते तेच डोळा पाहतो, हा धडा रोगनिदान करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

डोळ्याच्या मर्यादा ओळखणाऱ्या वुड यांनी पाहण्याचे काम छायाचित्राच्या काचेकडे सोपवले. दृश्य प्रकाश अडवून फक्त अवरक्त किरण आत सोडणारा फिल्टर त्यांनी तयार केला आणि कित्येक मिनिटे कॅमेरा उघडा ठेवून निसर्गदृश्ये टिपली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रांत भर उन्हातली झाडे बर्फासारखी पांढरी आणि आकाश काळेभोर दिसत होते. कारण हरितद्रव्य अवरक्त किरण शोषत नाही, पानांच्या आतल्या पेशी ते परत फेकतात. आणि हवा हे किरण फारसे विखुरत नाही. या परिणामाला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात.

अतिनील किरणांसाठीही त्यांनी निकेल ऑक्साइड घातलेली गडद काच बनवली. १९२५ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांनी केसांतील बुरशी ओळखण्यासाठी ती वापरली आणि दिव्याला वुड यांचे नाव मिळाले. १९५५ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.

अवरक्त फिल्मवर हात बसवायचा असेल तर आजही वाट त्यांचीच आहे: अवरक्त-संवेदी कृष्णधवल फिल्म, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, तिपाई आणि स्वच्छ ऊन. फिल्टर लावल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून चौकट आणि फोकस आधी ठरवावेत. अवरक्त किरणांचा फोकस किंचित वेगळा पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते. एकाच दृश्याची कमी-जास्त वेळ देऊन तीन-चार चित्रे घ्यावीत. या फिल्मवर ताप मात्र दिसत नाही. ती उष्णता टिपत नाही, परावर्तित झालेला सूर्यप्रकाश टिपते.

डॉक्टर म्हणून एक इशारा. हा फिल्टर काळा दिसतो, म्हणून त्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे कधीही पाहू नका. त्यातून अवरक्त किरण थेट डोळ्यात शिरतात. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि डोळा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. नेत्रपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो. न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यालाच पाहू द्यावा.